आल्याची रम जाताना

मां अपोलिननं लांब चमचा बरणीत घातला, आतलं केळं बाहेर काढलं, बशीत ठेवलं आणि बोटानं दाबून बघितलं.

"जावई, हे केळं सकाळी झाडावर होतं," ती म्हणाली.

होतंच. इल्देव्हेर कासिमिरनं दुकानातून केळ्याच्या स्वादाची रम आणली होती, ती बरणीत ओतली होती, रिकामी बाटली कचऱ्यात तळाशी दडवली होती, आणि घरीच मुरवल्यासारखं दिसावं म्हणून वरून एक सोललेलं केळं सोडलं होतं. महिनाभर रममध्ये पडलेलं केळं जुन्या चपलेसारखं दिसतं, हे त्याला माहीत नव्हतं. मां अपोलिनला होतं. तिनं हॅट चढवली, मुलीच्या दोन्ही गालांचे मुके घेतले, आणि खेकड्यांचा भात चुलीवरून उतरायच्या आत चालती झाली.

यात नवीन काही नव्हतं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सासूबाई जेवायला येणार आणि जेवण अर्ध्यावर आलं की उठणार. कधी वारं लागतंय म्हणून, कधी कोंबड्या कोंडायच्यात म्हणून. खरं कारण अख्ख्या बेल-लिमोन गावाला ठाऊक होतं. ज्या घरात स्वतःची मुरवलेली रम नाही ते घर नव्हे, बसथांबा. आणि बसथांब्यावर कोण कॉफी येईपर्यंत बसतं, असं ती चर्चच्या पायरीवर उभी राहून बोलली होती. मारी-गालांतसारख्या बेटावर चर्चच्या पायरीवर बोललेलं पुन्हा सांगावं लागत नाही.

आता इल्देव्हेर म्हणजे काही ऐरागैरा नव्हता. नगरपालिकेतली खिडकी नंबर दोन त्याची. भिंत, कुंपण, कोंबड्यांचं खुराडं, काहीही उभं करायचं तर त्याच खिडकीसमोर उभं राहावं लागे. माणसं टोपी काढून बोलत, आणि तो कागदावरून नजर न उचलता दुपारनंतर या म्हणत असे. असल्या माणसाला एका केळ्यावरून पकडावं? त्याला फारच लागलं. नऊ फेब्रुवारीला संत अपोलिनचा दिवस, म्हणजे म्हातारीचा नावदिवस. त्या दिवशी तिला पहिल्या पेल्यापासून शेवटच्या कॉफीपर्यंत आपल्या टेबलाशी बसवायचंच, असं त्यानं ठरवलं. एकदा. एकदा बसली की पुढची एकोणीस वर्षं उभी राहिली तरी चालेल.

त्यानं उसाच्या घाण्यावरून एकोणसाठ अंशांची पांढरी रम आणली आणि तीन मोठ्या बरण्या घातल्या. एकीत माराकुजा फळाचा आंबट गर, दुसरीत केळी आणि व्हॅनिलाच्या शेंगा, तिसरीत ठेचलेलं आलं. सिदॉनीनं, म्हणजे बायकोनं, इतकंच विचारलं की हे कुणाला विचारून केलंस का. यात विचारायचं काय, तो म्हणाला.

विचारायची गरजच पडली नाही. सांगायला लोक आपणहून आले.

पहिला आला शेजारचा नेस्टोर. तीस वर्षं बोट चालवून निवृत्त झालेला माणूस. बोट नाही म्हणून आता शेजाऱ्यांना चालवतो. तो म्हणाला, रमला ऊन पाहिजे, चाळीस दिवस, तेही पत्र्यावरचं. अंगणातलं ऊन कोंबड्यांना ठीक. तो जातो न जातो तोच पलीकडच्या मादाम गर्टी आल्या. त्या औषधांच्या दुकानात कामाला, त्यामुळे बाटलीत भरता येईल अशा कुठल्याही गोष्टीवर त्यांचा शब्द अखेरचा. त्यांनी सांगितलं, उन्हात ठेवलीत तर व्हिनेगर होईल. बरणी पलंगाखाली ठेवायची, जुन्या लोकरी स्वेटरात गुंडाळून, आणि तिच्यासमोर भांडायचं नाही. मारी-गालांतवर लोकरी स्वेटर कुठून आणायचा हे त्यांनी सांगितलं नाही.

इल्देव्हेरनं सरकारी नोकरी केलेली. दोन अर्ज एकमेकांविरुद्ध आले तर दोन्ही दाखल करून घ्यायचे, हे त्याच्या रक्तात होतं. चार दिवस बरण्या सकाळी पत्र्यावर आणि दुपारी पलंगाखाली गेल्या. तीन बरण्या, एक शिडी, बारा पायऱ्या, आणि खालून नेस्टोर डावीकडे घे, उजवीकडे घे करत असायचा, जसं काही बंदरात जहाज लागतंय. पाचव्या दिवशी कमरेत असली कळ आली की इल्देव्हेर नमस्कार करायच्या बेतात असल्यासारखा वाकडा ऑफिसला गेला. लोकांना वाटलं, साहेब नम्र झाले.

तेव्हा त्यानं निकाल दिला: ऊन. बरण्या पत्र्यावरून घरंगळू नयेत म्हणून वर फळ्यांची एक मांडणी ठोकली, चांगली चार पायांची. मादाम गर्टींनी खालून ते बघितलं आणि काही बोलल्या नाहीत. तिथंच त्याला कळायला हवं होतं.

सोमवारी खिडकी नंबर दोनवर तक्रार आली. निनावी होती, पण कागदाला खोकल्याच्या औषधाचा वास होता. बेल-लिमोनमधल्या एका घराच्या छपरावर रस्त्यावरून दिसेल असं बांधकाम विनापरवाना उभं आहे, तरी संबंधितांनी लक्ष घालावं. संबंधित म्हणजे इल्देव्हेर. घरही इल्देव्हेरचं.

दुसरा कुणी असता तर त्यानं कागद खणात टाकून खण लावला असता. इल्देव्हेरनं लावला नाही. एकवीस वर्षांत त्यानं एक तक्रार दाबली नव्हती, आणि खरं सांगायचं तर दाबायची कशी हे त्याला येतही नव्हतं. त्यानं फाईल उघडली, स्वतःला नोटीस लिहिली आणि रजिस्टर पोस्टानं पाठवली. पोस्टातल्या बाईनं ती नगरपालिकेतून उचलली, फेरी मारली, आणि तो घरी जेवायला बसलेला असताना आणून दिली. इथं सही, ती म्हणाली. सही बघून म्हणाली, पाठवणाऱ्याची पण अशीच होती.

नोटीस कडक होती. ती वाचून त्याचं डोकंच फिरलं. ही काय भाषा झाली का नागरिकाशी बोलायची, असं तो सिदॉनीला म्हणाला. ती म्हणाली, दुपारनंतर जाऊन भेट त्यांना.

त्यानं अर्ज केला. मांडणी तात्पुरती असून खाद्यपेयांच्या मुरवणीसाठी आहे, वगैरे. दुसऱ्या दिवशी खिडकीत बसून तो अर्ज वाचला आणि परत पाठवला, कारण छपराचा नकाशा तीन प्रतींत नव्हता. तीन प्रतींत नकाशा दिला. मग लक्षात आलं की उत्तर दिशा दाखवलेली नाही. नेस्टोर बघायला म्हणून खास ऑफिसात येऊन बसायचा. त्यानं गावात पसरवलं की कासिमिर साहेब एकदा खिडकीच्या या बाजूला उभे राहतात, मग वळसा घालून त्या बाजूला जातात आणि म्हणतात, दुपारनंतर या. हे खोटं होतं. तो एकदाही या बाजूला उभा राहिला नव्हता. पण लोक शपथेवर सांगू लागले की त्यांनी बघितलंय.

शेवटी नियमांच्या पुस्तकात एक ओळ सापडली: स्वतःच्या प्रकरणात स्वतः निर्णय देता येत नाही. इतके दिवस ती ओळ कुठं होती देव जाणे. प्रकरण मोठ्या बेटावर गेलं, आणि जानेवारीच्या शेवटी तिथून मेस्ये ब्रिओल नावाचे निरीक्षक बोटीनं आले.

त्या दिवशी समुद्र खवळलेला. ब्रिओल धक्क्यावर उतरले ते कच्च्या केळ्याच्या रंगाचे. काही खाणार का विचारलं तर डोळे मिटले. मला हलत नाही अशा जागी न्या, एवढंच म्हणाले. इल्देव्हेर त्यांना छपरावर घेऊन गेला. टाय लावूनच गेला, कारण कामाची वेळ होती. ब्रिओल पन्हाळीच्या वर, अगदी छपराच्या कण्यावर, समुद्राकडे पाठ करून बसले. मांडणी त्यांच्यापुढं, बरण्या रांगेत, आणि खाली रस्त्यावर निम्मं बेल-लिमोन.

मांडणीत त्यांना काही वावगं दिसलं नाही. पण बरण्यांत फळं दिसली. ते म्हणाले, द्रव असेल तर माझ्याकडे, फळ असेल तर शेती खात्याकडे, आणि शेतीचा माणूस एप्रिलशिवाय येत नाही. एप्रिल म्हणल्यावर इल्देव्हेरनं बोटांवर दिवस मोजले. नावदिवस दहा दिवसांवर. मग यावर तोड काय? तोड सोपी होती. फळ काढून टाका, मग नुसता द्रव राहतो. सिदॉनीनं पडद्याचं मलमल दिलं आणि तिन्ही बरण्या तिथंच, छपरावर, निरीक्षकांच्या डोळ्यांदेखत गाळल्या गेल्या. चोथा नेस्टोर डुकरासाठी म्हणून घेऊन गेला. डुक्कर दुसऱ्या दिवशी ठणठणीत होतं. नेस्टोर गुरुवारपर्यंत दिसला नाही.

मग नमुना घेणं आलं. पाहुण्याच्या पेल्यात आपल्या हातानं ओतणं म्हणजे त्याला मोजून देणं, आणि मोजून देणं म्हणजे तोंडावर शिवी. म्हणून इल्देव्हेरनं पेला आणि पळी ब्रिओलपुढं ठेवली. ब्रिओलनी नमुना घेतला. मग पहिला दुसऱ्याशी ताडून बघायला परत घेतला. त्यांच्या तोंडाला रंग आला, आवाज आला, आणि त्यांनी खाली जमलेल्या लोकांना हात केला. शेवटी तिन्ही बरण्यांची झाकणं चिकटपट्टीनं बंद केली, वर आकडे लिहिलेले कागद लावले, एक, दोन, तीन, आणि प्रत्येकावर लाल शिक्का मारला. निकाल लागेपर्यंत उघडायचं नाही. परवानगी आली तर याच क्रमानं उघडा, म्हणाले, हा क्रम माझ्या अहवालात आहे. बोट चुकली होतीच. त्यांना शिडीवरून उतरवायला चार माणसं लागली आणि नेस्टोर घरात पडलेला असल्यामुळं डावीउजवी सांगायला कुणीच नव्हतं.

परवानगी आली ती नऊ फेब्रुवारीलाच. रविवार होता, तरी पोस्टातली बाई सुट्टीवर असून स्वतःहून घेऊन आली, कारण तिलाही बघायचं होतं. घरात सकाळपासून बेबेले शिजत होतं. आतडी, नीरफणस, कच्ची केळी, कणकेचे गोळे, सगळं एका पातेल्यात; शेजारच्या चुलीवर खेकडे. वासानं कुंपणावर माणसं टेकलेली. व्हरांड्यात पांढरं कापड घातलेलं टेबल. मां अपोलिन निळा झगा घालून आली. ब्याऐंशी वर्षांची, काठी न घेता. हॅट तिनं मांडीवर ठेवली, खुंटीला लावली नाही. म्हणजे बेत नेहमीचाच होता.

इल्देव्हेरनं तिन्ही बरण्या आणून मांडल्या. दीड महिन्याच्या उन्हानं आणि गाळण्यानं तिन्ही एकाच रंगाच्या झालेल्या, जुन्या फर्निचरसारख्या तपकिरी. सिदॉनी हळूच म्हणाली, आधी वास घेऊन बघ.

"आकडा सरकारी आहे, सिदॉनी," तो म्हणाला. "वास घेऊन काय करू, अपील?"

त्यानं एक नंबरचा शिक्का फोडला, बरणी सासूबाईंपुढं सरकवली, पेला ठेवला, पळी ठेवली आणि हात मागे घेतले. मां अपोलिननं आपल्या हातानं ओतलं, सढळ. त्यानं स्वतःलाही घेतलं. दोघांनी एका घोटात घेतलं.

आलं.

ब्रिओल कण्यावर बसले होते. ते होते समुद्राकडं पाठ करून, इल्देव्हेरनं बरण्या मांडल्या होत्या रस्त्याकडं पाठ करून, म्हणजे दोघं समोरासमोर. त्यांचा एक तो इकडून तीन.

बेल-लिमोनमध्ये माराकुजाची रम पाहुणा आल्यावर देतात, केळी-व्हॅनिलाची जेवताना, आणि आल्याची जाताना. आपल्याकडं आल्याची म्हणलं की कुणालाही वाटेल आल्याबरोबर द्यायची. तिथं ती उलटी. जुनी माणसं टेकडी चढून घरी जायची, पायांत जोर यावा म्हणून आलं. कुणाला जा म्हणायची तिथं पद्धत नाही. आल्याची बरणी पुढं आली की पाहुणा समजतो, पितो, उठतो. आणि एकदा ती प्यायल्यावर पुन्हा बसणारा माणूस निर्लज्ज. त्याच्या मागं तीन पिढ्या बोलतात.

मां अपोलिननं पेला खाली ठेवला. तिच्या कपाळावर घाम आला होता, चांगल्या आल्यानं येतो तसा. ती उठली आणि हॅट डोक्यावर ठेवली.

"एकोणीस वर्षं मी आपली आपण उठत होते, जावई," ती म्हणाली. "आज तू उठवलंस."

पोस्टातल्या बाईनं तोंडावर हात ठेवला. इल्देव्हेरच्या हातात शिक्क्याचा लाल तुकडा होता. तो सांगू लागला की हा क्रम अहवालात आहे, निरीक्षक उलटे बसले होते, उत्तर दिशा नकाशावर त्यानं नंतर दाखवली होती. एकवीस वर्षं त्यानं लोकांना कागद दाखवून गप्प केलं होतं. आता कागद दाखवत होता आणि गप्प तोच होत चालला होता. शेवटी त्यानं परवानगीचं पत्र टेबलावर टाकलं.

"मां अपोलिन, चूक माझी आहे," तो म्हणाला. "मी वास घेतला नाही."

हे वाक्य त्यानं आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं असावं, कारण सिदॉनी स्वयंपाकघरातून डाव घेऊन बाहेर आली आणि तशीच उभी राहिली. डावातून बेबेलेची वाफ येत होती.

मां अपोलिन पायरीपर्यंत गेली होती. ती थांबली. तिनं जिभेनं आतून गाल चाचपला, मग दुसरा गाल.

"आलं कुणी ठेचलं?"

मीच, तो म्हणाला.

"सोलून की सालीसकट?"

सालीसकट.

तिनं मान हलवली. मग डावाकडं बघितलं. इकडं आड, तिकडं विहीर असं झालं होतं बाईचं. बसता येईना, कारण आल्याची प्यायलेली. आणि जाववेना, कारण पातेल्यातला वास पायरीवरही येत होता. ब्याऐंशी वर्षं तिनं रीत मोडली नव्हती आणि आजही मोडणार नव्हती. पण रीत बसायला नको म्हणते. खायला नको असं कुठं म्हणते?

"वाडगा दे," ती मुलीला म्हणाली.

आणि ती उभ्यानं जेवू लागली, व्हरांड्याच्या खांबाला पाठ टेकून, हॅट डोक्यावर. इल्देव्हेरही तीच रम प्यायलेला, त्यामुळं त्यालाही बसता येईना. बाकीच्यांनी रम घेतली नव्हती, पण सासूबाई उभ्या असताना बसणार कोण? सिदॉनी उभी, कुंपणावरून आत आलेला नेस्टोर उभा, पोस्टातली बाई उभी. मादाम गर्टी फक्त पातेलं करपतंय का बघायला आल्या होत्या; त्याही वाडगा घेऊन उभ्या. पांढरं कापड घातलेल्या टेबलाभोवती आठ खुर्च्या रिकाम्या आणि माणसं भिंतीला टेकलेली. बेबेले उभ्यानं खाणं अवघड; कणकेचा गोळा चमच्यावरून सुटला की थेट बुटावर. खेकड्यांच्या नांग्या फोडायला खिडकीची चौकट वापरावी लागली. केळी-व्हॅनिलाची बरणी हातोहात फिरली आणि मादाम गर्टींनी दुसऱ्यांदा ओतून घेताना कबूल केलं की उन्हाला वाटतं तितकं वाईट म्हणता येणार नाही. नारळाची वडी झाली. कॉफी झाली. मां अपोलिननं कॉफीचा कप पालथा घातला तेव्हा चार वाजून गेले होते.

जेवण पुरं झालं होतं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ती शेवटपर्यंत थांबली होती. इल्देव्हेरच्या कमरेतली कळ परत आली होती, आणि तो मनातल्या मनात शब्द जुळवत होता. थांबली असं लोकांना सांगता येईल. बसली असं सांगता येणार नाही. गाव दुसरंच विचारणार, हे त्याला माहीत होतं.

मां अपोलिन निघाली. दोन पावलं टाकली आणि परत थांबली. निघताना घ्यायचा पेला तर तिनं येतानाच घेतला होता. तसंच निघायचं म्हणजे कोरड्या तोंडानं, आणि कोरड्या तोंडानं घरातून ती फक्त प्रेतयात्रेला निघाली होती.

"आल्यावर द्यायची होती ती राहिलीच की," ती म्हणाली. "ती दे."

इल्देव्हेरनं तीन नंबरचा शिक्का फोडला. या वेळी त्यानं आधी बरणीत नाक खुपसलं, चांगलं दोनदा, आणि मगच ती पुढं सरकवली. मां अपोलिननं ओतून घेतली, तोंडात घोळवली, साखर एक मूठ जास्त आहे म्हणाली. मग पेला ठेवला, हॅट काढली, खुंटी कुठं आहे म्हणून इकडंतिकडं बघितलं आणि खुंटीला लावली. खुर्ची ओढली आणि टेबलाशी बसली. आल्यावरचा पेला घेतल्यावर माणूस बसतो. यात विचारायचं काय?

सिदॉनीनं एकदा रिकाम्या पातेल्याकडं बघितलं, एकदा नवऱ्याकडं.

मां अपोलिननं कापडावरच्या सुरकुत्या दोन्ही तळव्यांनी सारख्या केल्या.

"बरं, जावई," ती म्हणाली, "जेवायला काय केलंय?"